बोट सिंगापूरला पोचली

भांडुप (पश्चिम)
१५ जून २०२५

माझ्या देवेशा,

आजीचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज आणि मग पुढे वाच.

तुझं पत्र पोचलं रे! पोस्टमन खालून ओरडला तेव्हा मला वाटलं बँकेचं काहीतरी असणार, तुझ्या बापाने परत काहीतरी सही चुकवली असणार. बघते तर पाकिटावर तुझं अक्षर. मी जिन्यातच बसले. वरची अंबादासची बायको म्हणते, काकी, चक्कर आली काय? म्हटलं, चक्कर कसली, नातवाचं पत्र आलंय. तुझा आजोबा गिरणीत होता तेव्हा गावाला पत्र यायचं, पण ते दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. 'मी खुशाल, लावणी झाली काय', संपलं. तुझं दोन पानी आणि ते पण स्वतःच्या हाताचं. वाचून वाचून घडीवर फाटायला आलंय, आता उशीखाली ठेवलंय.

तू चपात्या लाटतोस तिकडे! घरी कधी स्वतःचं ताट उचललं नाहीस मेल्या, आणि तिकडे सगळ्यांच्या चपात्या! सकाळी योगा करतोस, डॉक्टर बघतात, झोप लागते, वजन वाढलं, हे वाचून मला इतका आनंद झाला की मी चौथीत शिकलेली कविता मोठ्याने म्हटली. अर्धीच आठवली. चौथीपुढे आमच्या गावात शाळाच नव्हती, नाहीतर आज मी पण कुठेतरी मास्तरीण असते, असो.

पण एक सांग, हे कसले रे नियम? मरोळ काय लंडनला आहे? रिक्षात बसलं तर तासाभरात येईन मी डबा घेऊन. फोन द्यायचा नाही, अजून भेटायला यायचं नाही. तुरुंगात पण भेटू देतात. त्या तुमच्या केंद्राच्या गार्गीताईला सांग, माझं नाव मालन आहे आणि मी कुणाला खात नाही.

तू लिहिलंस, रविवारी घरच्यांची मीटिंग असते, भांडुपातच, जुन्या व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत, तिथे जाऊन बस. मी तिथे जाऊन काय करू? मला काही झालेलं नाही. आणि कुणी बघितलं तर? मी चाळीत सांगितलंय की तू बोटीवर लागलास. खलाशी नाही म्हटलं, खलाशी म्हटलं की लोक नाक मुरडतात. इंजिनरूममध्ये म्हटलं. जयवंताचं तोंड बघायला हवं होतंस. मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून तो कुणाला गणतीत धरत नाही, पण आता मी दिसले की खुर्ची देतो. त्याची भाची श्रुतिका आहे ना मुलुंडची, तिची पत्रिका देऊन तुझी मागतोय. मी म्हटलं, बोट किनाऱ्याला लागू दे आधी. येताना त्याला एक सेंटची बाटली हवीय, ते कुठून आणायचं ते आपण नंतर बघू.

तुझा बाप अजून तुझं नाव काढत नाही. कामावरून येतो, टीव्ही लावतो आणि आवाज बंद करून बघत बसतो. म्हटलं, चंद्रप्रकाश, ऐकू येत नाही ना. म्हणतो, आई, मला येतंय ऐकू. तुझी आई असती तर बोलतं केलं असतं तिने त्याला. माझं कोण ऐकतं.

पाकिटात गावच्या देवीचा अंगारा ठेवलाय. मुद्दाम मागवून घेतला. बारीक घडी केलीय म्हणजे सांडणार नाही आणि वरून हाताला लागणार नाही. तुमच्याकडे देवाधर्माचं चालतं की नाही मला माहीत नाही, तर कुणाला न दाखवता रोज चिमूटभर कपाळाला लाव, थोडा जिभेवर ठेव. बघ कसा खडखडीत होतोस.

तुझी
आजी


मरोळ
२४ जून

आजी,

तुला काही कळतं का गं?

इथे सगळ्यांची पत्रं गार्गीताईंसमोर उघडतात. मी पाकीट फाडलं आणि तुझी पुडी टेबलावर पडली. तसलीच घडी आजी. कडा आत, टोक खोचलेलं. गर्दची पुडी अशीच असते. मला आयुष्यातली पहिली मिळाली ती हुबेहूब अशीच होती. ताई काही बोलायच्या आत माझा हात तिच्यावर पडलेला. मग कापराचा वास आला, कळलं अंगारा आहे. तरी मूठ सुटेना. डोक्याला कळलं, हाताला कळत नव्हतं. ताईंनी माझी बोटं एकेक करून उघडली, सगळ्यांसमोर. मुकुल हसला. माझ्या शेजारच्या कॉटवरचा, चांगला पोरगा आहे, त्याच्या अंगावर धावून गेलो मी. ती रात्र कशी काढली ते मला विचारू नकोस.

आणि वर 'कुणाला न दाखवता'. तेच तर करत होतो ना मी इतकी वर्षं!

तुला वाटतं मी बरा झालो. वजन वाढलं म्हणजे बरा झालो असं नसतं. आणि कसली बोट? मला पोहता येत नाही आजी, वर्सोव्याला गुडघाभर पाण्यात ओरडलेलो मी, तूच सगळ्यांना सांगत असायचीस.

नीट ऐक. मला इथून कधीतरी भांडुपलाच यायचंय. गार्गीताई म्हणतात, या भिंतींच्या आत कुणीही शहाण्यासारखा वागतो, खरं काम आपल्या गल्लीत असतं. म्हणून सोडायच्या आधी ते घराजवळ माणसं तयार करतात. तिथला दवाखाना, रविवारचा गट, घरचे आणि ज्यांना खरं माहीत आहे असे शेजारी. संध्याकाळी माझं डोकं फिरायला लागलं तर वाजवता येईल असं एक तरी दार लागतं. तू तर प्रत्येक दाराला बोट बांधून ठेवलीस.

मीटिंगला जा. चाळीत खरं सांग. आणि पुडी पाठवू नकोस. कसलीच.

देवेश


भांडुप
३० जून

देवेशा,

तुझं पत्र वाचून मी जेवले नाही. म्हणजे जेवले, पण फक्त भात.

देवीच्या अंगाऱ्याला तू पुडी म्हणतोस? आपलं जिरं पुडीत येतं, हिंग पुडीत येतो, तुझ्या आजोबाची तपकीर पुडीत यायची. देवळातून आणलेली फुलं, साखर सगळं पुडीत. मग काय सगळं जग सोडायचं? मला कसं माहीत असणार तुमची ती घाण कशात बांधतात? मी कधी बघितलीय? तू कधी दाखवलीस? रागावले नाही मी. रागावलेच आहे. मी प्रेमाने पाठवलं आणि तू 'तुला काही कळतं का गं' लिहितोस. नाही कळत! चौथी शिकलेय मी.

तरी तुझ्या शब्दाखातर रविवारी निघाले. जयवंताला सांगितलं भजनाला चाललेय. व्यायामशाळेपर्यंत गेले, लोखंडी जिना आहे तो, माझ्या गुडघ्याचं काय होतं तुला माहीत आहे, तरी अर्धा चढले. वर बघते तर आपली शांताबाई! खालच्या मजल्यावरची, बालवाडीवाली. खुर्च्या लावत होती. मी तशीच उलटी फिरले. रिटायर झाल्यावर हिने तिथे काम धरलेलं दिसतंय. आता तिने मला तिथे बघितलं तर बोटीचं काय होईल सांग. तिचा विशाल असतो कुठेतरी कामाला, दिसत पण नाही हल्ली, ती एकटी असते, बोलायला कुणी मिळालं की बोलत सुटणार. म्हणजे तशी ती कुणाच्या चुगल्या करत नाही, पण माणसाचं काय सांगता येतं.

तू सांगतोस खरं सांग, खरं सांग. तुला सोपं आहे, तू मरोळात आहेस. चाळीत नळावर मला उभं राहायचं असतं. तू गेल्या वर्षी जयवंताच्या घरातून पितळेची समई नेलीस तेव्हा त्याने कामवाल्या बाईला काढलं, आठवतं? त्याला आता काय सांगू?

तू बरा हो. चांगला गोरागोमटा होऊन ये. बोट एकदा परत आली की कोण विचारतंय? लोक दोन दिवस बोलतात नि विसरतात. फक्त तेवढी सेंटची बाटली मिळवायला हवी. तुमच्याकडे बाजारात जाऊ देत असतील तर बघ.

आजी


भांडुप
२० जुलै

देवेशा,

हे काय चाललंय? पत्र नाही, निरोप नाही. मी तुमच्या केंद्रात फोन केला, गार्गीताई म्हणाली, 'आजी, देवेश स्वतः लिहील तुम्हाला.' मी म्हटलं, तो बरा आहे ना? म्हणाली, 'आज आहे.' असं कुणी सांगतं का? आज आहे म्हणजे काल नव्हता काय? मी पुढे विचारायच्या आत म्हणते, 'रविवारी या, समोर बसून बोलू.' सगळ्याला यांचा तो रविवार.

अंगाऱ्याचा राग असेल तर सोड. मी पण सोडला. पोराने आजीवर इतके दिवस रुसू नये, रुसायला आजी किती दिवस पुरणार?

इकडे सगळं ठीक आहे. माझी साखर वाढलीय, तुझा बाप म्हणतो चोरून लाडू खाल्लेस. चोरून कशाला खाऊ, मीच करते ते. अंबादासची रिक्षा बंद पडलीय. जयवंताची तयारी आतापासून सुरू, यंदा चाळीच्या गणपतीला म्हणे लाइटचं तोरण थेट नाक्यापर्यंत. गुरुवारी संध्याकाळी मी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते तर तो खालून सगळ्यांदेखत ओरडला, 'काय गो मालनकाकी, बोट खंय पोचली?' तोंडात आलं ते मी वरून ओरडले, 'सिंगापूर!' असा हशा झाला रे! पोरंटोरं पण नाचायला लागली, सिंगापूर, सिंगापूर करून. मलाच हसू आवरेना.

आणि गंमत बघ, तेव्हाच पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर कुणीतरी पाठमोरा चालला होता, थेट तुझी चाल. डावा खांदा पडलेला. मी हाक मारणार होते, मग म्हटलं काय वेडी आहेस मालन, तो मरोळात चपात्या लाटतोय. हल्ली डोळ्यांचं काही खरं नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन मागेच सांगितलंय.

लिही रे बाबा. चार ओळी लिही. हवं तर शिव्या दे, पण लिही.

आजी


मरोळ
३ ऑगस्ट

आजी,

मोतीबिंदू नाही. मीच होतो.

इथे जरा विश्वास बसला की बाहेरची कामं देतात. गुरुवारी मला दळण आणायला पाठवलं. तुझं सेंटच्या बाटलीचं पत्र खिशात होतं. गिरणीत डबा ठेवला आणि काय डोक्यात आलं, बस पकडली. तुझ्याशी भांडायचं होतं मला, समोर उभं राहून. आणि भूक लागलेली. भांडून झालं की तुझ्या हातची पेज खायची, लोणच्यासोबत, आणि परत जायचं. दुसरं काही नव्हतं मनात. शप्पथ.

वळणावर आलो आणि तुझा आवाज ऐकला. सिंगापूर.

सगळे हसत होते. तू पण. किती दिवसांनी बघितलं मी तुला हसताना. मी वर आलो असतो तर तू काय सांगितलं असतंस त्यांना? सिंगापूरहून हातात काहीच नाही, पायात केंद्रातली स्लिपर? म्हणून वळलो.

टाकीमागे विशाल बसला होता. शांताकाकूंचा विशाल. त्याने विचारलं नाही कुठून आलास, कधी आलास. सरकून जागा दिली. आख्ख्या भांडुपात तेवढा एकच माणूस होता ज्याच्याशी मला खोटं बोलावं लागणार नव्हतं. मग पुढे काय झालं असेल ते तू समज. मी लिहिणार नाही.

शनिवारी परत आलो. वाटलं, दार लावून घेतील. मी असतो तर लावलं असतं. गार्गीताईंनी दार उघडलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, 'पिठाचा डबा कुठाय?' बस. मग ताप, उलट्या, डॉक्टर, औषधं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शांताकाकू तिथे कामाला नाहीत आजी. विशालनेच सांगितलं. 'माझी आई दर रविवारी त्या खोलीत जाऊन बसते माझ्यासाठी. मी जात नाही, तरी ती जाते.' त्याला हसू येत होतं सांगताना. मला नाही आलं.

ताई म्हणत होत्या गणपतीला घरी जाऊन बघ, दोन दिवस. मी नाही म्हटलं. मी बोटीवर आहे ना? मग तिथेच राहतो.

देवेश


भांडुप
३० ऑगस्ट

देवेशा, बाळा,

तुझं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. लिहायला बसायचे आणि पेन बाजूला ठेवायचे. पेज टाकली की तू आठवायचास. वळणापर्यंत आलेलं पोर उपाशी परत गेलं आणि मी वर उभी राहून खिदळत होते.

पत्र तुझ्या बापाला वाचून दाखवलं. टीव्ही चालू होता, बिनआवाजाचा. मी सगळं वाचलं, विशालपर्यंत, डब्यापर्यंत. त्याने उठून टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी टाकीच्या वळणावर जाऊन उभा राहिला होता, मला अंबादासने सांगितलं. काय बघत होता कुणास ठाऊक.

रविवारी मी गेले. तो मेला जिना पूर्ण चढले. शांताबाईने मला बघितलं, काही आश्चर्य नाही की काही नाही, खुर्ची पुढे केली. सगळी बसली होती गोल करून. मुलुंडची एक, घाटकोपरचं एक जोडपं, चांगले शिकलेले लोक रे! जो तो आपलं सांगतो, बाकीचे ऐकतात, कुणी कुणाला सल्ला देत नाही. मला सल्ला दिल्याशिवाय बसवतच नाही, माझी काय दशा झाली असेल बघ. शेवटी मी म्हटलं, गार्गीताई, हे बोलणं पुरे, औषध काय ते सांगा. ती म्हणते, 'आजी, औषध डॉक्टर देतात. आम्हाला तुमचं दार पाहिजे.' मी म्हटलं, दार उघडंच असतं माझं, मांजर पण येतं. म्हणाली, 'देवेशला उघडं दिसलं नाही ना त्या दिवशी.' तोंडावर सांगितलं. आवडली नाही मला ती. मग घरी येताना आवडली.

उतरताना शांताबाईने माझा हात धरला, जिन्यासाठी. हळूच विचारते, 'बोट कुठवर आली गं मालन?' तिला सुरुवातीपासून सगळं माहीत होतं, विशालने सांगितलं होतं. एवढे महिने मी तिला नळावर बंदरांची नावं सांगत होते आणि ती ऐकून घेत होती! म्हटलं, बुडाली गो बाई. मग आम्ही दोघी तिथेच पायरीवर बसून हसलो, आणि मग हसू राहिलं नाही.

तरी चाळीत सांगायचा धीर होत नव्हता. उद्या सांगू, परवा सांगू करत गणपती आले.

आपल्याकडे मूर्ती बसली, आरती झाली की गाऱ्हाणं घालतात हे तुला ठाऊकच आहे. लहानपणी तू सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' ओरडायचास. यंदा जयवंत पुढे झाला, नारळावर हात ठेवला आणि सुरू. बा देवा गजानना, आज सगळ्या चाळकऱ्यांनी मिळून तुझी सेवा केलेली हा, ती गोड मानून घे म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. कुणाचा काय चुकला माकला आसात तर पदरात घे म्हाराजा. व्हय म्हाराजा. मी पण म्हणत होते. मग म्हणतो, आमच्या मालनकाकीचो नातू देवेश बोटीवर गेलेलो आसा, त्येका त्या दर्यातून सुखरूप घराक आण म्हाराजा.

आणि सगळी चाळ एका आवाजात ओरडली, व्हय म्हाराजा! तुझ्यासाठी रे. पोरं, बायका, सगळी.

माणसांशी मी काय वाटेल ते बोलले असेन, नळावर बोलले, गॅलरीतून ओरडले. पण हे गाऱ्हाणं होतं. देवाला चुकीचा पत्ता दिला तर तो तुला कुठे शोधणार? दर्यात शोधत बसणार आणि तू मरोळात!

मी म्हटलं, जयवंता, थांब. म्हणतो, काकी, मधे बोलू नये. मी म्हटलं, तर मग माझं मीच घालते. आणि पुढे झाले. बाईमाणसाने आपल्याकडे कधी घातलेलं नाही, पण त्या वेळी कोण बघतंय. नारळावर हात ठेवला. म्हटलं, बा देवा, माझो नातू बोटीर नाय. तो मरोळाक आसा, दवाखान्यात. पुडीच्या नादाक लागलेलो. जयवंताची समई त्यानेच नेली, त्या कामवाल्या बाईची काय चूक नव्हती. आता सुटूक बघता हा, मधेच पडता, परत उठता. त्येका घराक येऊचा आसा म्हाराजा, आणि ह्या चाळीत त्येका दार दी म्हाराजा.

कुणी काही बोललं नाही, देवेशा. समईचा, बाईचा असा विषय निघाला म्हणून असेल, बाईमाणूस मधे बोललं म्हणून असेल, कुणी 'व्हय' म्हणेना. गाऱ्हाण्याला होकार मिळाला नाही असं मी जन्मात बघितलं नव्हतं. मी नारळावर हात ठेवून तशीच उभी.

शांताबाई आरतीला उभी राहत नाही, तिच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे, ती देवाचं करत नाही. पण चाळीचं जेवण असतं त्या दिवशी कोशिंबिरीचं पातेलं तिचं. ती पातेलं घेऊन दाराबाहेर उभी होती. तिथूनच म्हणाली, 'होय.' नुसतं होय. ते तिने देवाला म्हटलं नाही, मला म्हटलं. मग म्हणाली, 'आणि माझा विशाल टाकीमागे असतो. त्याच्यासाठी पण.'

मग मागून आवाज आला, 'व्हय म्हाराजा.' फाटका, घोगरा आवाज. मी मान वळवली नाही, मला ओळखता येतो माझ्या मुलाचा आवाज. मग आणखी काही जण म्हणाले. सगळे नाही.

जयवंत नंतर मला म्हणतो, 'काकी, देवासमोर तमाशा केलात.' त्याच्या बहिणीने श्रुतिकाची पत्रिका परत मागितली. मी म्हटलं, मी मागितलीच कुठे होती? दोन घरांतून यंदा मोदकांचं ताट आलं नाही. आणि गार्गीताईने रविवारच्या गटासाठी मंडळाची खोली मागितली तर जयवंत म्हणाला, नाही, पोरांवर परिणाम होईल. पोरांवर परिणाम तुझ्या त्या भोंग्याचा होतोय तो बघ आधी, असं मी त्याला म्हणाले, आणि आता तो मला खुर्ची देत नाही. डोकं फिरलंय माझं या माणसांपुढे. तुला सुखरूप आण म्हणून बोंबलत होती सगळी, आणि तू जवळच आहेस म्हटल्यावर यांची वाचा गेली. दर्यातला चालतो, मरोळातला चालत नाही!

पण ऐक. समईवरून काढलेल्या बाईला जयवंताची बायको स्वतः भेटून आली, नवऱ्याला न सांगता. आणि काल अंबादास येऊन दारात उभा, डोकं खाजवत. म्हणतो, काकी, माझी पुडी नाही, बाटली आहे, तुमच्या त्या गटात चालतं का? म्हटलं, मला काय विचारतोस, रविवारी चल, जिना चढायला मला हात दे.

तर आता चाळीत तीन दारं झाली. आपलं, शांताबाईचं, अंबादासचं. तू एक मागितलं होतंस.

आजी


मरोळ
५ सप्टेंबर

आजी,

तुझं पत्र मुकुलला वाचून दाखवलं. 'दर्यातला चालतो, मरोळातला चालत नाही' ला तो इतका हसला की वॉर्डातल्या सगळ्यांसाठी मला परत वाचावं लागलं. मग समईपाशी मला वाचता येईना, पुढचं त्याने वाचलं.

जयवंतकाकांना मी स्वतः भेटणार आहे. त्या बाईंना पण. तू मधे पडू नकोस, प्लीज. हे तू माझ्यासाठी करायचं नाहीस.

गार्गीताई म्हणतात, पुढच्या शनिवारी जा. सुटलो असं नाही. सकाळी तिथल्या दवाखान्यात औषध, ते त्यांच्यासमोर घ्यायचं. रविवारी गट. मधे ताई येऊन जातील, कधी सांगून, कधी न सांगता. परत पडलो तर परत इथे. आपल्या घरी राहून करायचं, एवढाच फरक.

भीती वाटते गं. स्टेशनवरून वर यायला तेच वळण आहे. विशाल अजून तिथेच असेल. त्याला टाळून मी किती दिवस जाणार, आणि टाळू तरी का? तो माझा मित्र आहे. डोकं भणभणतं विचार करून.

मला घ्यायला कोणी येईल का स्टेशनवर? पप्पांना विचार. नाही म्हणाले तर आग्रह करू नकोस.

आणि अंगारा पाठवू नकोस. हात जोडतो.

देवेश


भांडुप
९ सप्टेंबर

देवेशा,

नाही पाठवत. बघ पाकीट झटकून.

तुझा बाप स्टेशनवर येतोय. मी विचारलं पण नाही, पत्र टेबलावर ठेवलं आणि भांडी घासायला गेले. परत येऊन बघते तर शनिवारची सुट्टी हवी म्हणून कामावर फोन चालू. पुढे वळणावर शांताबाई उभी राहणार आहे. विशालला ती रोज तिथे डबा नेऊन देते आता, सगळ्यांच्या देखत. तो खातो, बोलत नाही. तू दिसलास तर बोलेल असं तिला वाटतं. मला तसं वाटत नाही, पण मी बोलले नाही. मीटिंगमध्ये शिकले.

दुसरं म्हणजे, आपल्या घरात आता पुडी नाही. सगळी फडताळं उपसली. जिरं, मोहरी, हिंग, बडीशेप, कापूर, सगळं डब्यात ओतलं. वाण्याकडे जाताना मी स्वतःचे डबे नेते. तो वैतागलाय, म्हणतो आजी, लाइन थांबते तुमच्यामुळे. म्हटलं, थांबू दे. त्याने सवयीने कागद घडी करायला घेतला की मी त्याच्या हातावर चापट मारते. शांताबाई पण डबे नेते आता. अंबादासची बायको पण. वाणी म्हणतो, तुमच्या चाळीला झालंय काय?

पेज टाकून ठेवीन. लोणचं मागच्याच वर्षीचं आहे, यंदाचं मुरलं नाही.

आणि अंगारा. तो तसाच आहे, पितळेच्या डबीत. मी रोज सकाळी माझ्या कपाळाला लावते, भरपूर, तुझ्या वाटणीचा पण. तू घरात आलास की वाक जरा, माझा हात हल्ली वर जात नाही. माझ्या कपाळाला कपाळ टेक. जेवढा लागेल तेवढा घे.

आजी